दगड, चुना आणि पाणी : भिंतीचा इतिहास

देवालयाचा जीर्णोद्धार म्हटला की प्रथम कळसाची गोष्ट निघते. कळस किती फूट उंच असावा, सभामंडपात फरशी कोणती घालावी, कमानीवर रंग कोणता द्यावा, याची चर्चा पारावर महिनोन् महिने चालते. भिंतीविषयी मात्र सहसा कोणी बोलत नाही. भिंत उभी आहे, म्हणजे ती ठीक आहे, असे सर्वजण धरून चालतात. तिचे पोपडे निघू लागले की सिमेंटचा गिलावा करून, वर ऑइलपेंटचा हात देऊन मंडळी मोकळी होतात.

वास्तविक देऊळ असो, वाडा असो किंवा साधे घर असो, ते किती वर्षे टिकेल आणि आतल्या माणसाला किती सुख देईल, हे बाहेरच्या भिंतीवर अवलंबून असते. या भिंतीला चार कामे एकाच वेळी करावी लागतात. वरचा भार पेलणे, पाऊस व ओल यांना तोंड देणे, ऊन अडवणे आणि धरणी हलली तर एकसंध राहणे. या चार कामांसाठी आपल्या मुलखातील लोकांनी तीन हजारांहून अधिक वर्षांत काय काय केले, त्यात काय साधले आणि काय फसले, हे पाहिले तर जीर्णोद्धाराचा पैसा कोठे खर्च करावा याचा उलगडा आपोआप होतो.

पांढरीची माती

गावाची जमीन पूर्वापार दोन नावांनी ओळखली जाते, काळी आणि पांढरी. काळीत पीक घ्यायचे आणि पांढरीत वस्ती करायची. ही विभागणी केवळ सोयीची नाही. काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की भेगाळते. तिची भिंत एक पावसाळा काढणार नाही. पांढरी माती त्या मानाने कमी फुगते, म्हणून भिंतीला आणि माळवदाला तीच वापरीत.

मातीच्या भिंतीची परंपरा किती जुनी आहे, याचा पुरावा पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे मिळाला आहे. घोड नदीच्या काठी असलेल्या या ठिकाणी पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. सुमारे इ. स. पूर्व १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची घरे तेथे सापडली. ठेंगण्या मातीच्या भिंती, त्यावर कुडाचे काम आणि गवताचे छप्पर, असे त्यांचे स्वरूप होते. म्हणजे कूड बांधून त्यावर माती लिंपण्याची रीत तेव्हापासून चालत आलेली आहे.

मातीची जाड भिंत दिवसभर ऊन पिते, परंतु ते आत लवकर पोचू देत नाही. दुपारचा ताप भिंतीच्या आतल्या अंगाला येईतो रात्र पडते आणि तोवर बाहेरची हवा गार झालेली असते. मातीच्या घरात वैशाखात गारवा का लागतो, याचे कारण एवढेच आहे. मातीचा वैरी म्हणजे पाणी. म्हणून जुन्या लोकांनी खाली दगडी जोते घातले आणि वर वळचण पुढे काढली. पावसाचे पाणी भिंतीला लागूच नये, अशी ही तजवीज होती.

चुन्यावाचून उभी राहिलेली देवळे

पुढे देवालये दगडात होऊ लागली. ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथच्या शिवालयात शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख आहे. नाशिक जिल्ह्यात सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर यादवकाळातील आहे. अशा सर्व देवळांना लोक हेमाडपंती म्हणतात. हेमाडपंत हा देवगिरीच्या यादवांचा मंत्री तेराव्या शतकातला, आणि अंबरनाथचे देऊळ त्याच्या सुमारे दोनशे वर्षे आधीचे. यावरून ही पद्धत त्याच्या नावाने प्रसिद्ध झाली तरी ती त्याच्याही पूर्वीपासून प्रचारात होती, हे स्पष्ट दिसते.

या बांधणीत चुना नाही. तिला शुष्कसांधी बांधकाम म्हणतात. पाथरवट दगडाची बाजू दुसऱ्या दगडाला तंतोतंत बसेल अशी घडवीत. एकाला खाच आणि दुसऱ्याला खुंटी ठेवून ते एकमेकांत अडकवीत, आणि बाकीचे काम दगडाच्या वजनावर सोडीत. जोते उंच ठेवीत, म्हणजे जमिनीवरचे पाणी भिंतीपासून दूर राही. भिंतीवर जे आडवे थर आणि पुढे आलेले छज्जे दिसतात, ते केवळ शोभेचे नाहीत. वरून ओघळणारे पाणी छज्जाच्या कडेवरून सुटून खाली पडते, भिंतीवरून वाहत नाही. आणि जे थोडे पाणी सांध्यात शिरते, त्याला त्याच सांध्यातून बाहेर पडायला वाट असते. अशा देवळांचे नुकसान पावसापेक्षा सांध्यात रुजलेल्या वड-पिंपळाच्या मुळांनी अधिक केले आहे. भिंतीवर पिंपळाचे रोप दिसताच ते कोवळे असतानाच काढणे, हे जीर्णोद्धारापेक्षा कितीतरी स्वस्त काम आहे.

घाणीचा चुना

घडीव दगडाची शुष्कसांधी बांधणी वेळखाऊ आणि खर्चाची होती. किल्ले, वेशी, वाडे आणि घाट झपाट्याने बांधायचे तर दगड जोडणारे काही तरी हवे. ते काम चुन्याने केले. चुना आपल्याकडे प्राचीन काळापासून ठाऊक होता, परंतु बहामनी, आदिलशाही, शिवशाही आणि पेशवाई या काळात त्याचा वापर फार वाढला.

चुनखडी भट्टीत सुमारे नऊशे अंश उष्णतेवर भाजली की तिच्यातील कर्बवायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात टाकला की उकळी फुटून विरतो. विरलेल्या चुन्यात वाळू किंवा विटांचा भुगा, म्हणजे सुर्खी, घालून तो घाणीत मळीत. घाणी म्हणजे दगडी बांधणीचा गोल चर आणि त्यात फिरणारे दगडी चाक. बैल ते चाक ओढीत. गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचे पाणी आणि ताग असे जिन्नस ठिकठिकाणच्या रिवाजाप्रमाणे त्यात पडत. भिंतीत गेलेला चुना हवेतील कर्बवायू हळूहळू परत घेतो आणि पुन्हा मूळच्या चुनखडीसारखा दगड बनतो. हे काम वर्षानुवर्षे चालू राहते. त्यामुळे चुन्याच्या भिंतीला बारीक चीर गेली तर पावसाच्या पाण्याबरोबर आतला थोडा चुना विरघळून त्या चिरेत बसतो आणि ती चीर आपोआप बुजते.

चुना कमजोर, सिमेंट मजबूत, असा एक समज सर्वत्र आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी मुरूडजवळचा पद्मदुर्ग पाहावा. समुद्रात उभ्या असलेल्या या शिवकालीन किल्ल्याच्या तटाचे दगड लाटांनी व खाऱ्या वाऱ्याने झिजून आत गेले आहेत, आणि सांध्यातील चुना मात्र जागच्या जागी उभा आहे. साडेतीनशे वर्षांच्या सुमाराचा हा दाखला कोणालाही डोळ्यांनी पाहता येतो.

पेशवाईतील वाड्यांत दगड, वीट, लाकूड, माती आणि चुना या सर्वांचा मेळ घातलेला दिसतो. जोते घडीव दगडाचे, वरच्या भिंती विटांच्या, आत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा आणि बाहेर चुन्याचा गिलावा. ज्या वस्तूचा जो गुण, तिला ते काम दिले जाई.

परमिटची गोणी

पोर्टलँड सिमेंटचा शोध इंग्लंडातील. लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिन याने १८२४ साली त्याचे पेटंट घेतले. हिंदुस्थानात सिमेंटच्या कारखानदारीला खरी सुरुवात झाली ती १९१४ साली पोरबंदर येथे. तथापि खेड्यापाड्यांत पुढची कित्येक वर्षे चुनाच चालत होता. स्वातंत्र्यानंतर धरणे, पूल व कारखाने यांची कामे निघाली आणि सिमेंटचा तुटवडा पडला. त्या काळी सिमेंट परमिटवर मिळे. विहिरीचे बांधकाम असो वा घराची दुरुस्ती असो, अर्ज करावा लागे आणि मंजूर गोण्यांसाठी हेलपाटे घालावे लागत. १९८२ साली नियंत्रण अंशतः उठले आणि १९८९ साली पूर्णपणे उठले.

या परमिटच्या दिवसांचा एक परिणाम असा झाला की सिमेंट ही प्रतिष्ठेची वस्तू ठरली. जे मिळायला कठीण ते चांगले असलेच पाहिजे, असे लोकांनी धरले. ते मुबलक होताच गावोगावच्या घाणी बंद पडल्या. चुन्याचे काम जाणणारे गवंडी म्हातारे झाले आणि त्यांची मुले सिमेंटच्या कामावर गेली. घाणीचे दगडी चाक कित्येक गावांत आज वेशीजवळ नुसते पडून आहे.

समईची वात आणि भिंतीची ओल

सिमेंट वाईट आहे असे येथे म्हणावयाचे नाही. पूल, टाकी, स्लॅब यांना त्याच्यासारखे दुसरे काही नाही. परंतु चुन्याच्या किंवा मातीच्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला म्हणजे काय होते, हे समजून घेतले पाहिजे.

समईत तेल खाली असते आणि ज्योत वर असते. तेल वातीच्या तंतूंतून आपोआप वर चढते. तसेच जमिनीतील ओल दगड, वीट, माती व चुना यांच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढते. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असल्यामुळे ही ओल त्याच्यातून हवेत निघून जाते. भिंत ओली होते आणि वाळते, पुन्हा ओली होते आणि वाळते. सिमेंटचा गिलावा आणि त्यावरचा ऑइलपेंट हा मार्ग बुजवतात. बाहेर पडता न आल्याने ओल भिंतीतच राहते आणि आणखी वर चढते. पूर्वी जोत्याशी असलेला ओलाव्याचा डाग काही वर्षांनी कमरेपर्यंत येतो.

ओलीबरोबर जमिनीतील क्षारही वर येतात. पाणी जेथे वाळते तेथे त्यांचे खडे बनतात, आणि खडा बनताना तो फुगून दगडाचा किंवा विटेचा पापुद्रा सोडवतो. यालाच भिंतीला लोणा लागला असे म्हणतात. चुन्याच्या भिंतीत हे नुकसान गिलाव्यावर होते, आणि गिलावा पुन्हा करता येतो. सिमेंटखाली ते आत, मूळ दगडविटांवर होते. गिलाव्यावर टिचकी मारली असता पोकळ आवाज येतो, तो याच कारणाने. पुढे एखाद्या पावसाळ्यात सिमेंटचा सबंध पत्रा जुन्या भिंतीचे तोंड घेऊन खाली येतो. मग भिंत जुनी झाली म्हणून ती पाडण्याचा ठराव होतो.

शिवाय सिमेंट ताठर असते. ऊन आणि थंडीने जुनी भिंत किंचित हलते. चुना त्या हालचालीबरोबर जातो, सिमेंट तडकते. त्या तड्यातून पावसाचे पाणी आत शिरते आणि बाहेर पडू शकत नाही.

अलीकडचे एक मोठे उदाहरण पंढरपूरचे आहे. श्रीविठ्ठल-रुक्मिणी मंदिराच्या संवर्धनासाठी १५ मार्च २०२४ पासून पदस्पर्श दर्शन बंद ठेवण्यात आले होते व ते २ जून २०२४ रोजी पुन्हा सुरू झाले. त्या अवधीत मागाहून बसवलेल्या फरशा आणि चढवलेले रंगाचे थर काढून मंदिराचे मूळ दगडी रूप उघडे करण्यात आले. ज्या वस्तू कधी काळी भक्तांनी श्रद्धेनेच बसवल्या, त्याच पुढे खर्च करून काढाव्या लागल्या. प्रत्येक जीर्णोद्धार समितीने हे ध्यानात घ्यावे.

किल्लारीचा धडा

जुने ते सर्व चांगले, असाही निष्कर्ष कोणी काढू नये. त्यासाठी ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवावी. आदल्या रात्री गणेश विसर्जन करून लोक झोपी गेले होते. पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, या जिल्ह्यांत सुमारे ६.२ प्रतीचा भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत आठ ते दहा हजार माणसे गेली. भूकंपाने माणसे मेली असे आपण म्हणतो, पण बहुतेकांचा जीव गेला तो स्वतःच्या घराच्या भिंतीखाली आणि माळवदाखाली.

त्या भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट जाड आणि काही त्याहूनही जाड होत्या. परंतु ती जाडी दिखाऊ होती. बाहेर एक दगडी तोंड, आत दुसरे तोंड, आणि मध्ये चिपा व मातीचा भराव. दोन्ही तोंडांना एकत्र बांधणारे आरपार दगड जवळजवळ नव्हते. भिंत हादरली तशी दोन्ही तोंडे एकमेकांपासून सुटली आणि वरचे माळवद खाली आले. माळवद गळू लागले की दर काही वर्षांनी त्यावर मातीचा नवा थर घालण्याची चाल होती. त्यामुळे उन्हाळ्यात गारवा वाढला, पण डोक्यावरचा भारही वाढत गेला. जेथे लाकडी खांब व तुळया नीट जुळवलेल्या होत्या, तेथे भिंती पडूनही माळवद खांबांवर तरले. गरिबांच्या कुडाच्या हलक्या झोपड्यांनीही माणसे वाचवली.

पेशवाईतील गवंडी आणि सुतार ही गोष्ट जाणत होते. आरपार दगड घालणे आणि लाकडी सांगाडा देणे या त्यांच्याच युक्त्या होत्या. मध्यंतरी खर्च वाचवण्यासाठी त्या गळत गेल्या. आज भारतीय मानकांत याचे नियम दिलेले आहेत. भूकंपप्रवण भागात अनगड दगडाची भिंत दीड फुटापेक्षा जाड नसावी, दर दोन फूट उंचीवर आणि चार-चार फुटांच्या अंतराने आरपार दगड असावा, आणि दरवाजा-खिडक्यांच्या वर सर्व भिंतींना सलग बांधणारा काँक्रीटचा पट्टा असावा. नवीन बांधकामात सिमेंटची खरी जागा या पट्ट्यात आहे.

उन्हाचा हिशेब

ऊन अडवण्याचे काम अलीकडे पंख्यावर आणि विजेवर सोपवले गेले आहे. पातळ भिंत आणि वर उघडा स्लॅब असे घर दुपारी भट्टीसारखे तापते आणि रात्री तो ताप आत सोडते. हा खर्च दरमहा विजेच्या बिलात भरावा लागतो. म्हणून केंद्र सरकारने २०१८ साली निवासी इमारतींसाठी ‘इको-निवास संहिता’ काढली. मोठ्या निवासी इमारतीच्या भिंती व खिडक्यांतून किती उष्णता आत यावी याची मर्यादा तीत घालून दिली आहे. आजोबांना जे अनुभवाने ठाऊक होते, त्याला आता आकड्यांचे रूप मिळाले आहे.

या बाबतीत दोन उदाहरणे पाहण्याजोगी आहेत. वर्ध्याजवळ सेवाग्राम येथे १९३६ साली गांधीजी राहावयास गेले. तेथील कुट्या माती, बांबू आणि कौले यांच्या आहेत. आदर्श खेड्यातील घर पाच मैलांच्या परिघात मिळणाऱ्या साहित्याचे असावे, असे त्यांनी ‘हरिजन’मध्ये लिहिले होते. गांधीजींची मुंबईत भेट झालेले इंग्रज वास्तुशास्त्रज्ञ लॉरी बेकर यांनी पुढे केरळात हा विचार प्रत्यक्षात आणला. ते विटा आडव्या न ठेवता उभ्या कडेवर लावीत आणि मध्ये पोकळी ठेवीत. त्यामुळे सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात आणि पोकळीतील हवा ऊन अडवते. भिंतीत नुसती हवा ठेवूनही गारवा मिळतो, हे यावरून कळते.

आणखी एक हिशेब आहे. चुन्याच्या भट्टीला सुमारे नऊशे अंश उष्णता पुरते, तर सिमेंटच्या भट्टीला सुमारे साडेचौदाशे लागते. जळण वाचवायचे तर सुरुवात तेथूनच होते. आणि दिवाळीपूर्वी भिंतीला चुन्याची सफेदी देण्याची जी रीत आहे, ती ऊन परतवणारी आहे. पांढरी भिंत गडद रंगाच्या भिंतीपेक्षा कमी तापते.

देणगीचा रुपया कोठे जावा

वरील सर्व इतिहासाचा मथितार्थ असा की भिंतीत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट असावी आणि तिचे दगड एकमेकांना धरून असावेत. असे असले की भिंत टिकते. जेथे वाट बुजली किंवा बांध सुटला तेथे भिंत गेली, मग ती कितीही जाड, कठीण किंवा चकचकीत असो.

म्हणून जुन्या देवालयाच्या कामात क्रम असा असावा. प्रथम सभोवार साचलेली माती काढून जोते मोकळे करावे आणि पाण्याला चर द्यावा. मग शिखर, पन्हळी व छज्जे दुरुस्त करावेत. त्यानंतर झाडांची मुळे काढून सांध्यांच्या दरजा चुन्यानेच भराव्यात. पूर्वीचा सिमेंट गिलावा असल्यास जाणत्या माणसाकडून, दगडाला इजा न होता, हळूहळू काढावा व भिंतीला दोन-तीन उन्हाळे वाळू द्यावे. ऑइलपेंट, चिनी फरशा आणि भिंतीला भोके पाडून लावायच्या पाट्या या गोष्टी शेवटी नव्हे, मुळीच नकोत. देऊळ पुरातत्त्व खात्याकडे संरक्षित असेल तर दगडाला हात लावण्यापूर्वी त्यांची परवानगी घेणे कायद्याने आवश्यक आहे.

यातील बरीच कामे डोळ्यांना दिसत नाहीत. चरावर किंवा दरजेत भरलेल्या चुन्यावर देणगीदाराचे नाव लिहिता येत नाही, ही अडचण खरी आहे. तथापि रायगडावर जगदीश्वराच्या मंदिरापाशी, गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकराने आपले नाव कोरून घेतले ते पायरीच्या दगडावर. भिंतीवर नाही, कळसावरही नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय ज्या दगडाला लागतात, त्या दगडावर ते नाव आजही वाचता येते. ज्यांच्या देणगीने एखाद्या देवळाची ओल हटली आणि भिंत आणखी शंभर वर्षे उभी राहिली, त्यांची नावे समितीने पायरीवर कोरावीत. गावकऱ्यांनी पुढच्या पिढीला सांगावे की हा चर अमक्यांनी काढला आणि या दरजा तमक्यांनी भरल्या.